सरांना फोन द्या

इंटरनेट कंपनीचा मुलगा दुपारी येऊन ‘फ्री अपग्रेड’ म्हणून नवा राउटर बसवून गेला. मी ऑफिसात. नवऱ्याने ‘बसवा’ म्हटलं, चहा पाजला, जुना राउटर त्याच्या हवाली केला. संध्याकाळी घरचा सर्व्हर गायब.

गायब म्हणजे होता जागेवरच, टीव्हीमागे. रास्पबेरी पाय नावाचा तळहातावर मावणारा, एका बोर्डवरचा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क. लग्नापासूनचे फोटो त्यात, आईच्या कॅसेटींवरून उतरवलेली भोंडल्याची गाणी त्यात, आणि घरातल्या सगळ्या फोनांवरच्या जाहिराती अडवणारं पाय-होलही त्यातच. हे सगळं मी जमवलंय आणि मीच सांभाळते. नवरा त्याला ‘ती डबी’ म्हणतो.

तर मी टीव्हीमागे फतकल मारून लॅपटॉपवरून पिंग करत बसले होते. दार उघडं होतं, त्यामुळे समोरचे काका आत आले. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, वायरींमधून अजून नाही.

“डायल टोन आहे का?”

“काका, याला डायल टोन नसतो.”

“मग लाइन जिवंत आहे हे कळतं कसं?”

मी पिंग समजावलं. या यंत्राने त्या यंत्राला हाक मारायची आणि ओ येते का बघायचं. १९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने ते लिहिलं, पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं, वगैरे.

“म्हणजे मिसकॉल,” काका म्हणाले.

इतक्या वर्षांत पिंगची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही. तिथेच थांबले असते तर मी त्यांना चहा दिला असता.

“मग उत्तर काय येतंय?”

“रिक्वेस्ट टाइम्ड आउट.”

“घंटी वाजते, कोणी उचलत नाही. आत कोणी नसेल.”

“आहे हो. हा काय, दिवा लुकलुकतोय.”

“समोरच आहे तर मिसकॉल कशाला देतेस? उचलून बघ की!” त्यांनी खरंच उचलला. उलटा केला, कानाशी नेला. “अर्थिंग बघायला हवं. पूर्वी आमच्याकडे पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरायचं...” पुढे केबलचे जॉइंट, क्रॉसबार एक्सचेंज, नंबरासाठी वर्षानुवर्षं थांबलेले लोक आणि त्यांनी काकांना दिवाळीत पाठवलेली मिठाई. हे सगळं माझी हार्ड डिस्क वायरीला लोंबकळत असताना. शेवटी त्यांनी मूळ मुद्दा काढला.

“मिस्टर कधी येतात?”

मिस्टर सोफ्यावर होते. काका माझ्या डोक्यावरून त्यांच्याशी बोलू लागले. “अहो, जरा अर्थिंग बघून घ्या. नाहीतर टेलिफोन अदालतीत अर्ज टाका.” मिस्टर म्हणाले, “हो, बघतो.” काय बघणार होता, देव जाणे! त्याला मेन स्विचसुद्धा मीच दाखवलाय.

दुखणं तोवर माझ्या लक्षात आलं होतं. जुना राउटर घरातल्या यंत्रांना १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते द्यायचा, नवा १९२.१६८.१ ने देतो. सर्व्हरला मी कायमचा पत्ता नेमून दिला होता, तो जुन्या मोहल्ल्यातला, म्हणून नव्या मोहल्ल्यातली हाक त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. मग लॅपटॉप वायरने जोडला, त्यालाही हाताने जुना पत्ता दिला, १९२.१६८.०.२०. पहिल्याच हाकेला सर्व्हरने ओ दिली. एसएसएचने, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्याला हुकूम द्यायच्या सोयीने, आत शिरून पत्ता बदलला. काका म्हणाले, “मी हलवला ना, त्याने झालं.”

आता हा नवा पत्ता राउटरने दुसऱ्या कुणाला देऊ नये, म्हणून तो राखून ठेवायला हवा; याला डीएचसीपी रिझर्वेशन म्हणतात. त्यासाठी राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो. मी कस्टमर केअरला फोन लावला.

“मॅडम, सरांना फोन देता का?”

“प्रॉब्लेम मला आहे.”

“हो मॅडम, पण सरांना दिलात तर टेक्निकल समजावता येईल.”

मी म्हटलं, डीएचसीपी रिझर्वेशन करायचंय. पलीकडे बराच वेळ होल्डचं संगीत. मग: पासवर्ड कंपनीकडेच असतो, सिक्युरिटीसाठी. म्हणजे वीज माझी, भिंत माझी, आणि माझ्याच घरातल्या यंत्रांनी कोणत्या नंबराने राहायचं ते ठरवणार कंपनी. शिवाय राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होणारा. जगात आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते सुमारे ४२९ कोटीच, ते पुरेनात, म्हणून २०१२ साली हा गठ्ठा कंपन्यांसाठी राखून ठेवला गेला. एका खऱ्या पत्त्यामागे असंख्य घरं कोंबायची सोय. बाहेरून मारलेली हाक मग नेमक्या आपल्या घरी पोचत नाही, त्यामुळे ऑफिसातून घरचे फोटो पूर्वीसारखे उघडणं बंद. स्वतंत्र पत्ता हवा तर महिन्याला जादा पैसे. याला अपग्रेड म्हणतात.

मी तक्रार नोंदवली. कनेक्शन नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे तक्रार क्रमांक त्याच्या फोनवर गेला, ‘तक्रारीचे निराकरण झाले आहे’ हाही मेसेज त्याच्याच फोनवर आला, आणि पाठोपाठ रेटिंगची लिंक. त्याने पाच तारे दिले.

का, विचारलं तर म्हणे, मुलगा सभ्य होता, बूट काढून आत आला.