कोड उघडा म्हणून सर्व्हर उघडा? काहीतरीच!

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. वर लाल दिवे, खाली 'तुमच्या सर्व्हरवर लिनक्स आहे? आजच काढा!' आणि मग पाच मुद्दे. (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी सिस्टीम, पण फुकट आणि जिचा कोड कोणालाही वाचता येतो अशी.) कोड सगळ्या जगाला दिसतो म्हणजे चोराला घराचा नकाशाच दिला. २०२४ मध्ये त्यात चोरदरवाजा सापडला, त्यामुळे अपडेट ताबडतोब बंद करा. फुकटच्या मालाला वाली नसतो, सेंटओएस नावाच्या लिनक्सचं काय झालं बघा. सरकारने बंदी घातलीय. टॅली चालत नाही. शेवटी 'जनहितार्थ' आणि एक मोबाईल नंबर, लायसन्स विकणाऱ्याचा.

एरवी असलं काही आलं की मी पुढे सरकतो. पण हे आमच्या मामांपर्यंत पोचलं. मामांचं अंबडला जॉबवर्कचं वर्कशॉप आहे, तीन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी मिलिंग मशीन, अकरा माणसं. ऑफिसात टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप आहे, तोच सर्व्हर, त्यावर मी डेबियन हे लिनक्स टाकून दिलंय, ड्रॉइंग आणि मशीनचे प्रोग्रॅम सांबाच्या शेअरवर, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या मशीनवरून उघडणाऱ्या फोल्डरमध्ये, रात्री बॅकअप मामांच्या इंदिरानगरच्या घरी जातो. त्या डब्यावर कायम चलनबुकांचा गठ्ठा ठेवलेला असतो, त्याच्याकडे कोणी बघतही नाही, आणि सर्व्हरकडे कोणाला बघावं लागत नाही याचा अर्थ तो नीट चाललाय. तर मामांचा फोन, "भाचेबुवा, ते तुझं लिनक्स धोक्याचं आहे म्हणे, मी राउटरची निळी वायर काढून ठेवलीय, विंडोज टाकायला कधी येतोस?" मी विचारलं कधी काढली. तर म्हणे पाच दिवस झाले. आतलं नेटवर्क चालू, ड्रॉइंग उघडतायत, मेल मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चाललेत, म्हणून कोणाला काही जाणवलंच नाही. आणि पाच रात्री बॅकअप गेलेला नाही. बॅकअपचा मेल मला रोज येतो, पण मी येवल्याला लग्नात होतो आणि मेल बघितले नाहीत, ती चूक माझी.

म्हणून आधी तो अपडेटचा मुद्दाच घेतो, कारण बाकीचे नुसते चुकीचे नाहीतर अर्धवट आहेत आणि हा नुकसान करणारा आहे.

२०२४ ची गोष्ट खरी आहे, खोटी नाही. एक्सझेड नावाची फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी आहे, ती सांभाळणारा मुळात एकच माणूस, तोही थकलेला. दुसऱ्या एकाने दोनेक वर्षं गोड बोलून, खरंखुरं काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा घुसवला, एसएसएचमधून, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीतून, थेट मशीनमध्ये शिरता येईल असा. पकडला कोणी? आंद्रेस फ्रॉइंड, मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा, पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेव्हलपर. त्याला एसएसएचचं लॉगिन साधारण अर्धा सेकंद उशिरा होतंय असं दिसलं. अर्धा सेकंद! आपण एवढ्या वेळात लाईट गेली का बघायला मान वर करतो. तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जाहीर लिहून टाकलं. मालकाची परवानगी लागली नाही, मुळापर्यंत उतरता आलं, कारण कोड हातात होता.

आता फॉरवर्डवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करतो, जिवावर येऊन. 'हजारो डोळे बघत असतात' असं आम्ही लिनक्सवाले छाती फुगवून सांगतो ना, इथे ते डोळे बऱ्यापैकी झोपले होते. विषाची पुडी चाचणीच्या फायलींत लपवलेली आणि ती सोडणारी स्क्रिप्ट फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटायला बांधलेल्या गठ्ठ्यात, रोज लोक बघतात त्या कोडच्या साठ्यात ती नव्हतीच. पकडलं गेलं त्यात नशिबाचा वाटा मोठा. मान्य.

पण त्यावरून अपडेट बंद करा हे कुठून आलं? ते दूषित पॅकेज गेलं डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीच्या आवृत्त्यांमध्ये, फेडोराच्या कच्च्या आवृत्तीत, अशाच ठिकाणी. डेबियन स्टेबलमध्ये, म्हणजे पक्क्या आवृत्तीत, तेव्हा एक्सझेडचं ५.४ होतं, त्याला धक्काही लागला नाही. मामांकडे स्टेबल आहे. सर्व्हरवर काय घालायचं हे ठरवताना मी कंटाळवाणं, जुनाट वाटणारं स्टेबल घेतो ते याचसाठी, नवं काहीतरी आलं म्हणून उड्या मारायला तो काय कॉलेज रोडवरचा कॅफे नाही. त्याच्यावर अपडेटही फक्त सुरक्षेचे आपोआप येतात. आणि अपडेट न केल्याने काय होतं ते बघायचं तर वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आठवा. १२ मे २०१७ ला ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंटा रद्द झाल्या, जगभर मशीन लॉक झाली, आणि मायक्रोसॉफ्टने त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने ज्यांनी लावलं नाही ते अडकले. विंडोजचा कोड तर कोणाला दिसतही नव्हता!

त्यातच पहिल्या मुद्द्याचं उत्तर आलं. नकाशाचा मुद्दा म्हणाल तर, मेनरोडला किल्ल्या बनवणारा बसतो त्याला प्रत्येक कुलपाची रचना पाठ असते, म्हणून आपण कुलूप लावायचं सोडतो का? किल्ली त्याच्याकडे नसली म्हणजे झालं. केर्कहॉफ्स नावाच्या भाषातज्ज्ञाने हे १८८३ मध्येच लष्करी सांकेतिक लिपीबद्दल लिहून ठेवलंय, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुपित फक्त किल्लीचं. मामांच्या सर्व्हरवर एसएसएच पासवर्डने उघडतच नाही, किल्लीची फाइल लागते, आणि बाहेरून ते दार (पोर्ट) बंदच आहे.

वाली नाही म्हणे. सेंटओएसबद्दलची ओरड अर्धी खरी आहे. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार असं सांगितलेलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये ते चालवणाऱ्या रेड हॅट कंपनीने जाहीर केलं की २०२१ संपलं की संपलं. लोक चिडले, बरोबरच चिडले. पण पुढचं फॉरवर्डमध्ये नाही. परवाना मोकळा असल्यामुळे २०२१ मध्येच त्याची जागा घेणारी अल्मा आणि रॉकी ही लिनक्स उभी राहिली, आणि स्क्रिप्ट चालवून जागच्या जागी तिकडे जाता आलं. बंद सॉफ्टवेअरची कंपनी उठली असती तर कोणी उभं केलं असतं? डेबियनच्या मागे मालक कंपनीच नाही, १९९३ पासून चाललंय, एका आवृत्तीला लांब पल्ल्याचा सपोर्ट धरून पाच वर्षं मिळतात. पैसे मोजणाऱ्यालाही तारीख चुकत नाही, विंडोज सर्व्हर २०१२ चा लांबवलेला (एक्स्टेंडेड) सपोर्टही १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. वर सर्व्हर वापरणाऱ्या माणशी किंवा मशीनमागे क्लायंट लायसन्स बहुतेकदा वेगळं, ते त्या नंबरवाल्याने लिहिलेलं दिसलं नाही.

सरकारी बंदी वगैरे थापच आहे. केंद्र सरकारचं २०१५ चं धोरण नेमकं उलटं आहे, ई-गव्हर्नन्सच्या कामात ओपन सोर्सला प्राधान्य, आणि ते वगळायचं तर पुरवठादाराने कारण द्यायचं. आपली सरकारी संगणक संस्था सी-डॅक स्वतःचं बॉस लिनक्स काढते.

टॅलीचं खरं आहे. टॅली विंडोजचं, ते विंडोजवरच ठेवा, मामांच्या अकाउंटंटच्या मशीनवर विंडोजच आहे आणि कोणी त्याला हात लावलेला नाही. टॅलीचा बॅकअप मात्र टेबलाखालच्या त्याच डब्यावर येतो.

परवा जाऊन निळी वायर लावली. साठलेला बॅकअप जायला चाळीस मिनिटं लागली, तोवर चहा झाला, मामा स्क्रीनवर सरकणारी फायलींची नावं बघत बसले होते. म्हणाले, "ग्रुपवर काय लिहू?" मी म्हटलं काही लिहू नका, हा मजकूर टाका. मग विचारतात, "पण तो नंबरवाला आपल्याच बिल्डिंगमधला निघाला तर?"