पिठात लोह घालायचा कायदा केला, म्हणजे काम झालं?

एक संदेश सगळीकडे फिरतोय: ‘मीठ-पिठात पोषकं मिसळायची सक्ती करा, कुपोषण संपेल. स्वित्झर्लंडने 1922 मध्येच हे करून दाखवलं. लोह घातलं की रक्तक्षय जातो, लाभ सगळ्यांना मिळतो, खर्चही नगण्य.’

स्वित्झर्लंडचं उदाहरण आयोडीनचं, म्हणजे गलगंडावरचं. शिवाय तिथे सक्ती नव्हतीच. मीठ सगळेच खातात, रोज जवळपास तेवढंच. पिठाचं तसं नाही.

‘लोह घातलं की रक्तक्षय जातो.’ कोणतं लोह? फेरस सल्फेट चांगलं शोषलं जातं, पण साठवणीत पीठ खवट होतं. म्हणून गिरण्या लोहाची बारीक पूड पसंत करतात. ती फेरस सल्फेटच्या निम्मीच शोषली जाते. कोंड्यासकट पिठात फायटेट (धान्याच्या कोंड्यातला, लोहाला धरून ठेवणारा पदार्थ) शोषण आणखी अडवतं, तिथे जागतिक आरोग्य संघटना फक्त सोडियम आयर्न ईडीटीए (फायटेट असूनही शोषलं जाणारं लोहाचं संयुग) सुचवते: माणशी रोज 150 ते 300 ग्रॅम पीठ पोटात जात असेल, तर किलोमागे 20 मिलिग्रॅम लोह. नियमात नुसतं ‘लोह इतकं’ लिहिलं, तर स्वस्तातलं लोह पडणारच. प्रयोगशाळा एकूण लोह मोजते, त्यामुळे नमुना पास होतो आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. त्यात बी-12ची कमतरता, हिवताप, आकडेकृमी ही रक्तक्षयाची कारणं वेगळीच. शरीरात दाह असेल तर हेप्सिडिन (लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक) वाढून शोषणच मंदावतं.

‘सगळ्यांना मिळतो.’ फॉलिक आम्ल या ब जीवनसत्त्वाबाबत हे बरंचसं पटतं: ते कमी पडलं तर गर्भाची मज्जानलिका (जिचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो) नीट मिटत नाही, आणि ती गर्भधारणेपासून 28 दिवसांत मिटते, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. पण वर्षाचं मूल पीठ खाऊन खाऊन किती खाणार? मात्रा मोठ्यांच्या खाण्यावर बेतलेली असते.

‘खर्च नगण्य.’ पिठात घालायच्या पोषकांच्या मिश्रणाचा, हो. तपासणीचा कोणी धरतच नाही. ओलाव्याने मिश्रणाच्या गुठळ्या होतात, मात्रा सोडणारं यंत्र तुंबतं. मिठावर थेंब टाकून करायची रंगचाचणी आयोडीन आहे एवढंच सांगते. किती, ते टायट्रेशनशिवाय (प्रयोगशाळेत रसायन मोजून घालून करायच्या मापनाशिवाय) कळत नाही.

आणि सरकारी खाती एकमेकांशी बोलत नाहीत! किलोमागे 20 मिलिग्रॅम आयोडीन असलेलं मीठ रोज 10 ग्रॅम खाल्लं तर 200 मायक्रोग्रॅम मिळतं. रक्तदाब कमी करायला निघालेल्या खात्याने लोकांचं मीठ 5 ग्रॅमवर आणलं, की 100 उरतं. प्रौढाची गरज 150. म्हणजे मात्रा किलोमागे 30 मिलिग्रॅमवर न्यायची आणि साठवणीतली घट वर धरायची.