आयत्या बिळावरचा नागोबा?

नमस्कार. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या उसोवोतल्या उन्हाळ्यांबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. पहिला, हा माणूस श्रीमंत मित्राच्या आयत्या बिळावरचा नागोबा होता आणि मी ते गोडगोड करून सांगितलं. दुसरा, अशी बडदास्त मिळाली तर कुणीही सिंफनी लिहील. पहिल्यात तथ्य आहे, निदान अर्धं. दुसऱ्यावर मात्र भांडायचंय.

व्लादिमिर शिलोव्हस्की हा त्याचा विद्यार्थी, बारा वर्षांनी धाकटा आणि गडगंज. तांबोव प्रांतातली उसोवोची इस्टेट त्याची. रशियात भूदासांची मुक्तता झाली १८६१ साली. चायकोव्हस्की १८७३ मध्ये तिथे रात्री उघड्या खिडकीशी शांतता ऐकत बसला, तेव्हा त्या गोष्टीला जेमतेम बारा वर्षं झाली होती. ते घर कुणाच्या कष्टावर चालत होतं, याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. वर्णनात वाहवलो. चूक माझी.

पण ऐतखाऊ? मॉस्कोच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, चायकोव्हस्की वर्षभर शिकवत होता, शिवाय वर्तमानपत्रात संगीतसमीक्षा लिहीत होता. स्वतःचं काम करायला सलग वेळ मिळायचा तो उन्हाळ्यात. (घरात कुणी शिक्षक असेल तर विचारून बघा, सुट्टीवर किती कामं ढकललेली असतात.)

त्या ऑगस्टमध्ये तो परदेशाहून परतून उसोवोला आला आणि शिलोव्हस्कीला मॉस्कोला जावं लागलं. घरात हा एकटा. दिवसा जंगलात भटकायचं, संध्याकाळी अफाट माळावर, रात्री खिडकीशी. जुन्या रशियन कालगणनेनुसार ७ ते १७ ऑगस्ट, म्हणजे अकरा दिवसांत, शेक्सपिअरच्या नाटकावरच्या 'द टेम्पेस्ट' या वाद्यवृंदरचनेचा कच्चा आराखडा तयार. कोणती वाद्यं काय वाजवणार ते मग मॉस्कोत बसून लिहिलं आणि डिसेंबरात कॉन्झर्वेटरीचा प्रमुख निकोलाय रुबिनस्टाइननं ती वाजवून घेतली. पाच वर्षांनी नादेझ्दा फॉन मेक या आपल्या आश्रयदातीला लिहिलेल्या पत्रात तो या दिवसांबद्दल भरभरून बोलतो आणि पुढे चक्क कबूल करतो की मित्र परत आला आणि सगळी जादू ओसरली. स्वर्गाचा कोपरा होता, त्याची साधी जमीनदाराची वाडी झाली. दोन-तीन दिवस कसेबसे काढून पाहुणा निघून गेला! यजमानाची उत्तम मेजवानी म्हणजे त्याचं घरात नसणं. हे वाचून मला हसू आवरेना, आणि शिलोव्हस्कीची थोडी कीवही आली.

आता तुमचं 'कुणीही'. अहो, ती इस्टेट शिलोव्हस्कीच्या हाताशी बारा महिने होती. पैसा होता, घरात शिकवायला खुद्द चायकोव्हस्की होता, आणि संगीत रचायची हौसही होती. 'ओप्रिच्निक' या चायकोव्हस्कीच्या ऑपेरात दुसऱ्या अंकाआधीचं वाद्यसंगीत त्याचंच आहे. पण आज त्याचं नाव निघतं ते बहुतेक गुरूच्या चरित्रात, आणि तिसऱ्या सिंफनीच्या अर्पणपत्रिकेत. ती सिंफनीही १८७५ च्या जूनमध्ये उसोवोतच सुरू झाली होती.

'द टेम्पेस्ट' ऐकली नसेल तर आधी सुरुवातीची दोन-तीन मिनिटं ऐका. तंतुवाद्यांत लाटा हेलकावतात, वर ब्रासचे, म्हणजे पितळी वाद्यांचे, संथ स्वर. तांबोवपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. खिडकीबाहेर होतं ते नुसतं गवत.