किरकोळ खर्च

नागपूरच्या इतवारीतल्या ज्या घाऊक किराणा पेढीत मी हिशेब लिहितो, तेथल्या कॉम्प्युटरवर अजूनही विंडोज एक्सपी ही जुनी प्रणाली नांदते आहे. मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी तिच्यावरून हात काढून घेतला, पण आमच्या शेठजींनी तिला अंतर दिले नाही. नव्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की त्यांचे उत्तर ठरलेले असते, “चालून राह्यलं ना भाऊ, मंग कायले बदलाचं?”

मदरबोर्डवरचा चपटा सेल संपलेला असल्यामुळे आमचे यंत्र रोज सकाळी 1 जानेवारी 2002 या तारखेला जागे होते. सेल किरकोळ किमतीचा आहे. परंतु त्याची पकड गंजून इतकी खिळखिळी झाली आहे की सीताबर्डीचा मेकॅनिक तिला हात लावायला धजत नाही. साहजिकच तारीख हाताने घालावी लागते. एकदा नव्या पोराकडून ती राहिली आणि जीएसटी लावलेली दिवसभराची बिले 2002 सालची निघाली, तेव्हा 1 जुलै 2017 पासून लागू झालेला कर पंधरा वर्षे आधीच वसूल केल्याबद्दल कामठीच्या एका दुकानदाराने फोन करून आमचे अभिनंदन केले.

मे 2017 मध्ये कॉम्प्युटर अडवून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसच्या बातम्या आल्या, तशी शेठजींनी इंटरनेटची वायरच उपटली. उपाय तसा वाईट नव्हता. मात्र विवरणपत्र भरण्यासाठी हिशेब पेनड्राइव्हवर घेऊन त्यांच्या पुतण्याच्या लॅपटॉपवर चढवावा लागतो आणि तो पेनड्राइव्ह वाटेत कोणाकोणाच्या लग्नाचे फोटो घेऊन परत येतो.

माझी खरी पंचाईत खतावणीत होते. जुन्या बाजारातून शोधून आणलेली रॅम, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या रिबनी, मेकॅनिकची मजुरी, बंद पडलेल्या दिवशी हाताने बिले फाडण्यासाठी थांबवलेल्या माणसांचा जादा रोज, हे सारे मी ‘किरकोळ खर्च’ या खात्यात टाकत आलो. त्यात उन्हाळ्यात कॅबिनेटचे झाकण काढून त्याच्याकडे वळवलेल्या कूलरचे वीजबिलही आहे. सेलची पकड त्याच ओल्या हवेने गंजली, असे मेकॅनिकचे निदान आहे.

यंदा सीएंनी त्या खात्याच्या बेरजेवर बोट ठेवले, तेव्हा कुठे शेठजी राजी झाले. पण आमचा हिशेबाचा प्रोग्राम ज्याने लिहिला त्याने केव्हाच धंदा बदलला आहे, आणि त्यातली जुनी खाती बाहेर काढण्याची मजुरी नव्या यंत्राच्या किमतीहून जास्त सांगितली गेली. तेव्हा नवे यंत्र येणार आहे आणि जुने येणी पाहण्यापुरते चालू राहणार आहे. कूलर कोणाकडे वळवायचा, एवढेच ठरायचे आहे.