राहणाऱ्याचं घर आणि गेलेल्यांच्या सह्या

राजापूरकडच्या आमच्या घराचा वाद आता घराण्याच्या ग्रुपवर पोचलाय. थोरल्या चुलतभावाचं, दादाचं, म्हणणं असं की जे गावात राहत नाहीत त्यांनी आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींनी हक्कसोडपत्र करून द्यावं. मग तो जांभ्याचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधणार, वर दोन खोल्या पर्यटकांसाठी. मी दोन्ही यादींत बसते. 'घर पाडू नका' एवढंच लिहिलं, तर उत्तर आलं, "कॅनडात बसून वारसा जपायला काय जातंय? पावसाआधी कौलं परतायला येतेस का?"

येत नाही. म्हणून बोलायचंही नाही?

दादानं एकदा इथं, माझ्या वॉटर्लूला, येऊन बघावं. विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसवर ब्रूबाकर हाउस आहे, १८५० साली बांधलेलं, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या एका शेतकऱ्याचं दगडी घर. १९६८ साली ते आतून जळून गेलं. आपल्याकडे एवढं निमित्त मिळालं असतं तर त्याच आठवड्यात जेसीबी आला असता. इथं दगडी भिंती राखून आतलं पुन्हा उभं केलं, आज तिथं संग्रहालय आहे. शेजारच्या किचनर शहरात क्वीन स्ट्रीटवर जोसेफ श्नायडरचं घर आहे, १८१६च्या सुमाराचं. हा माणूस १८०७ मध्ये पेनसिल्व्हेनियातून इथं आला. भोवती शहर वाढलं, १९१६ मध्ये त्या शहराचं नावसुद्धा बर्लिनचं किचनर झालं, घर मात्र जागच्या जागी. दोन्ही घरांचे फोटो मी ग्रुपवर टाकले. दादाचं उत्तर: "भिंती बघितल्या. माणसं कुठायत?"

खवचटपणा त्याचा जुनाच. पण माणसं बघायची तर जवळच्या एल्मायरा गावाच्या रस्त्याला लागावं लागतं. मी तिथल्या एका शेतावरून अंडी आणि मेपल सिरप आणते. घोडागाडी वापरणारी, शस्त्र न उचलणारी ही जुन्या वळणाची मेनोनाइट मंडळी. फाटकावरच पाटी आहे, रविवारी विक्री नाही. बार्न, म्हणजे गुरांचा गोठा आणि गवताचं कोठार एकत्र, उताराला टेकवून बांधलेला, खाली गुरं, आणि मातीच्या चढावरून गवताची गाडी थेट वरच्या मजल्यात. सोमवारी गेलं तर कप्पीवरची दोरी घरापासून बार्नच्या उंच टोकापर्यंत ओढलेली, तिच्यावर गडद रंगाचे झगे आणि विजारी ओळीनं फडफडताना दिसतात. मोठ्या घराला चिकटून एक धाकटं घर आहे, डॉडी हाउस. शेत पुढच्या पिढीच्या हाती दिलं की आई-बाप त्यात राहायला जातात. दार वेगळं, स्वयंपाकघर वेगळं. आपल्याकडे सुनेनं वेगळी चूल मांडली की कुळाचं नाक कापलं जातं. इथं त्याची बांधकामातच सोय.

या शेताचे फोटो मात्र मी ग्रुपवर टाकले नाहीत. एक तर या लोकांना कॅमेरा आवडत नाही. दुसरं, तो दादाच्या बाजूचा पुरावा झाला असता. शेत सहसा एकाकडे जातं, बाकीची भावंडं दुसरीकडे जमीन शोधतात. वॉटर्लू वसलं ते त्यामुळेच. पेनसिल्व्हेनियात जमीन महागली, वाढत्या कुटुंबांना पुरेना, म्हणून मेनोनाइट लोक कॉनेस्टोगा गाड्या, म्हणजे घोड्यांच्या मोठ्या मालगाड्या, जोडून उत्तरेला निघाले. १८०५ मध्ये जमीन घेण्यासाठी त्यांनी काढलेल्या 'जर्मन कंपनी'नं इथले ६०,००० एकर घेतले. (ग्रँड नदीकाठचा हा पट्टा १७८४ मध्ये सिक्स नेशन्सना, म्हणजे मूळनिवासी जमातींच्या संघाला, दिलेला होता, आणि त्या जमिनीचा हिशेब ते आजही मागताहेत. कागदांची भांडणं फक्त कोकणातच असतात असं कुणी समजू नये.) निघालेल्या प्रत्येकानं मागचा वाटा धरून ठेवला असता तर एकही शेत अखंड राहिलं नसतं.

माझं इथलं टाउनहाउस पाडायचं ठरलं तर मी एक ओळही लिहिणार नाही. म्हणजे मला जपायचंय ते घर, की कागदावरचं माझं नाव? बहुतेक नावच. भारतीय पासपोर्ट परत केला, मतदार यादीतून गेले, रेशनकार्डावरून तर लग्नातच गेले होते. गावात मी आता फक्त तलाठ्याच्या दप्तरात आहे. इथंही 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' हा प्रश्न टिम्सच्या, म्हणजे टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानाच्या, रांगेत अजून येतो, आणि राजापूर म्हणताना मला मनात ते घरच दाखवायचं असतं.

तेव्हा सही देईन, पण फुकट नाही. मागची पडवी, न्हाणीघर आणि विहिरीकडचं दार राखून बाकीचं पाड, आणि आम्ही गेलेली माणसं येऊ तेव्हा तिथं राहू शकू, हे कागदावर लिहून दे. शेत सोडणाऱ्या म्हाताऱ्यांना इथं जागा मिळते ना, तशी. दादा म्हणेल, त्यांनी जन्मभर त्या शेतात राबून ती मिळवलेली असते. म्हणू दे. कौलांचा खर्च मी दरवर्षी पाठवीन. बारा महिने झाडलोट मात्र वहिनीलाच करावी लागेल, आणि तिला अजून आमच्यापैकी कुणीच विचारलेलं नाही.