‘त्यांच्याकडे बायकांना गायला कुठे देतात?’

आज एका लग्नात डीजेने अल्जीरियन गायक खालेदचं ‘दीदी’ लावलं. मीही नाचले, खोटं कशाला बोलू! नंतर जेवताना शेजारी बसलेले नात्यातले एक काका मठ्ठ्याचा घोट घेत म्हणाले, "गाणं झकास. पण या अरबांकडे बायकांना गायला कुठे देतात?" लग्नघर होतं म्हणून गप्प बसले. आता पाय कोमट पाण्यात सोडून बसलेय, डोकं मात्र अजून तापलेलंच.

काका, तुम्ही ज्यावर ताल धरलात ना, त्या राय संगीताची (अल्जीरियाच्या लोकगाण्यांतून आलेलं हे संगीत) आजी म्हणून एका बाईचंच नाव घेतात. शेखा रिमिट्टी. खालेद जन्मायच्या आठ वर्षं आधी, १९५२ साली तिची पहिली रेकॉर्ड निघाली.

मला ती भेटली भाजीच्या दुकानात. ऑफिसने पॅरिसला पाठवलं होतं तेव्हा तिथल्या बार्बेस या अरबी वस्तीत पुदिना, कोथिंबीर आणायला जायचे. दुकानात कॅसेट चालू होती. बासरी, चामड्याचा ढोल आणि इतका जाड, खरखरीत आवाज की मला पुरुषच वाटला. पुढे एक तरुण आईला घेऊन उभा होता. तो दुकानदाराला म्हणाला, "जरा बंद करा, आई आहे सोबत." कारण राय घरच्यांसमोर ऐकायचं नसतं! आणि आई? डोक्याला रुमाल, टोमॅटो चाचपून बघतेय आणि सोबत गुणगुणतेय.

काय जगली असेल ही रिमिट्टी! जन्म १९२३, अल्जीरियात सीदी बेल अब्बेसजवळ. लहानपणीच अनाथ. मिळेल ते काम, मिळेल तिथे झोप. पंधराव्या वर्षी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या टोळीत. लिहिता-वाचता येत नव्हतं, दोनशेच्या वर गाणी डोक्यात. नावाचा किस्सा तर भारीच. पावसात एका कँटीनमध्ये शिरली, चाहत्यांना पाजायचं होतं, फ्रेंच धड येईना, म्हणून ‘रेमेते, रेमेते’, म्हणजे पुन्हा भरा! तेच नाव चिकटलं.

१९५४ च्या ‘शर्राग गत्ता’ या गाण्यात तिने कौमार्याच्या बडेजावाचीच चिरफाड केली. झालं. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांनाही ती नकोशी, आणि १९६२ ला स्वातंत्र्य मिळाल्यावर तिला रेडिओ बंद. हो, बंदी होती, काकांचा तेवढा मुद्दा मान्य. पण दिलं नाही म्हणून ती थांबली का? लग्नांत गायली, कॅसेटवर गायली. १९७६ ला हज करून आली, दारू-सिगारेट सोडली. गाणं सोडलं नाही. पुढे पॅरिस गाठलं. सत्तरी ओलांडल्यावर ब्रिटिश गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि रेड हॉट चिली पेपर्स या अमेरिकन रॉक बँडच्या फ्लीसोबत अल्बम केला. ‘शेब’ म्हणवणाऱ्या राय गाणाऱ्या तरण्या पोरांनी तिची गाणी उचलली, पैसा त्यांचा झाला, याचा राग तिला शेवटपर्यंत होता. असणारच! मे २००६ मध्ये पॅरिसच्या झेनिथ या सभागृहात गायली आणि दोनच दिवसांनी गेली. वय ८३.

२०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत राय आलं. आता वारसा म्हणे.

काकांवर चिडले खरी, पण मलाही त्या दुकानात शिरेपर्यंत काय माहीत होतं? ‘दीदी’च.

दुकानदाराने हसत कॅसेट बंद केली. आईचं गुणगुणणं चालूच. उलट आता स्पष्ट ऐकू यायला लागलं. मुलगा पिशवी घेऊन बाहेर जाऊन उभा राहिला. तिने अजून दोन टोमॅटो निवडले, कडवं संपवलं, मग पैसे दिले.