बारकोड स्कॅन करा म्हणे!

बाबांनी जमवलेल्या जीवाश्मांची यादी करायला एक ॲप घेतलं. काल रात्री साडेअकराला ते मला म्हणतं, 'वस्तूचा बारकोड स्कॅन करा.' अरे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी चिखलात मेलेली गोगलगाय आहे ती! बरं, 'वगळा' दाबलं तर 'खरेदी किंमत' भरल्याशिवाय पुढे जाईना. शून्य टाकलं, चौकट लाल. एक रुपया टाकला, खूश. मग 'निर्मितीचे वर्ष'. त्यात चारच आकडे मावतात. 'कृपया योग्य वर्ष लिहा.' योग्यच लिहितोय बे! शेवटी बाबांनी ती उचलली ते साल लिहिलं, १९७८. सेव्ह केलं आणि बघतो तर गोगलगायीचं नाव 'फायसा', त्याचं आपोआप 'पिझ्झा' झालेलं. पिझ्झा, १९७८, किंमत एक रुपया.

नाव दुरुस्त करायला गेलो तर ती सोय म्हणे पैसे भरणाऱ्यांनाच.

याच्या आधीच्या ॲपमध्ये प्रकार तीनच: प्राणी, वनस्पती, इतर. आता पिसदुरा गावची डायनासोरची दगड झालेली लेंडी कशात घालू? तिथल्याच लेंड्यांत गवताचे अंश सापडले म्हणून २००५ साली जगाला कळलं की डायनासोरच्या काळातही गवत होतं. म्हणजे प्राण्याची पण आणि वनस्पतीची पण! 'इतर'मध्ये टाकली, तर शेजारी आपोआप घड्याळाचं चित्र आलं. त्याच्याही आधीचं अमेरिकन. खडकांच्या यादीत तिकडचं मिसिसिपियन आहे, पेनसिल्व्हेनियन आहे, पण आपलं गोंडवना नाही, लमेटा नाही. कामठीच्या दगडातलं ग्लॉसोप्टेरिस नावाच्या लुप्त झाडाचं पान काय पेनसिल्व्हेनियात नेऊन लावू? संग्रहालयवाल्यांचं एक फुकट मिळतं, फक्त आधी घरात सर्व्हर उभारा.

आणि स्प्रेडशीटचं नाव माझ्यापुढे काढू नका. बाबांनी प्रत्येक दगडावर पांढरा ठिपका देऊन वर काळ्या शाईनं नंबर घातलाय. ५-३ म्हणजे पाचव्या पेटीतला तिसरा. स्प्रेडशीटनं केलं ५ मार्च. अख्ख्या पेट्यांच्या तारखा झाल्या! याच खोडीपायी २०२० साली शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांची नावं बदलली. जनुकांची! सॉफ्टवेअर आपलं तेव्हा जागच्या जागी. तीच जात, बँकेच्या फॉर्ममध्ये आडनाव अर्ध्यात कापणारी.

भाचा म्हणाला, "मामा, एआयला फोटो द्या ना." दिला. एआय म्हणालं, हे तर आलं. सुंठ करा म्हणालं नाही, एवढीच कृपा.

दगड किती आहेत? १४३. हो, एकशे त्रेचाळीसच. तीन आठवडे झाले, सहावं सॉफ्टवेअर आहे, आणि आजवर धड नोंद झालेला दगड एकही नाही. बायको म्हणते, एवढ्यात वहीत दोनदा लिहून झालं असतं. तिचं बरोबर आहे, राग त्याचाच जास्त येतो. बाबांची वही समोरच पडलीय. तीत जागेच्या रकान्यात लिहिलंय, 'नाल्याच्या वर, दुसऱ्या बाभळीच्या डावीकडे.' ॲपला इथे अक्षांश-रेखांश हवेत, तेही सहा दशांश स्थळांपर्यंत. बाभूळ तरी राहिली असेल का आता!

आज सकाळी सहाला मोबाईल वाजला. म्हटलं कुणाचं काय झालं. ॲप होतं. 'तुमच्या पिझ्झाला अजून फोटो नाही.'